वाचकांचे प्रश्न : जुन्या अंकांचं संगणकावर करायचं काय?

गेल्या अंकात डिजिटल मानव्यविद्येवर चार ओळी लिहिल्या होत्या. साहित्य, इतिहास, भाषा यांचा अभ्यास संगणक हाताशी घेऊन करायचा, एवढंच म्हटलं होतं, तर पत्रांचा ढीग आला. मी विद्यापीठात मराठी शिकवते, राहते ठाण्यात आणि दर शनिवारी दुपारी आमचा एक गट हेच काम घेऊन बसतो. तेवढ्या अधिकारावर उत्तरं देते आहे. पत्रं थोडी कापली आहेत, रागावू नये.

मॅडम, मी एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी ‘एकोणिसाव्या शतकातली ठाण्याची वृत्तपत्रं’ हा विषय घेतला. सर म्हणाले, “त्यात काहीतरी डिजिटल कर, सध्या त्याला भाव आहे.” मला कोडिंगमधलं ओ की ठो कळत नाही. व्हिडिओ बघून पायथन सुरू केलं आणि सोडलं. सुरुवात कुठून करू?
– विद्यार्थिनी, कळवा

पायथन सोडलंस ते सध्यापुरतं ठीक आहे. लागेल तेव्हा शिकशील. आत्ता ते तुला कशासाठी हवंय हेच ठरलेलं नाही, म्हणून ते डोक्यात शिरत नाही. ‘काहीतरी डिजिटल’ हा काही विषय होत नाही, सरांना माझा नमस्कार सांगून हे सांग.

ठाण्यात १८६६ साली ‘अरुणोदय’ निघालं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली १६ एप्रिल १८५३ रोजी, म्हणजे तोवर आगगाडी ठाणेकरांच्या अंगवळणी पडली होती. मग विचार की या पत्राचं तोंड मुंबईकडे होतं की जिल्ह्याकडे? कोणत्या गावांची नावं येतात, कोणती कधीच येत नाहीत? शेतसारा, जंगल, दारूचे मक्ते यांबद्दल कुणाच्या बाजूने लिहिलं जातं? यातला एकच प्रश्न धर. तो धरला की किती अंक लागतील, त्यातलं काय टिपायचं, यंत्र लागेल की साधी वही पुरेल, हे आपोआप ठरत जातं.

अंक शोधायला आधी माणसांकडे जा. आपल्या ठाण्यात नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं, मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं. अंक तिथे असोत वा नसोत, कुठे मिळतील हे सांगणारी माणसं अशाच ठिकाणी भेटतात. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूचीही उघडून बस. १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची ती नोंद आहे. एका माणसाने ग्रंथालयं पालथी घालून केलेलं हे काम म्हणजे कागदावरचा डेटाबेसच आहे. त्यातून ठाण्यात छापलेली पुस्तकं वेगळी काढलीस तरी तुझ्या वृत्तपत्रांभोवती कोण लिहीत-छापत होतं ते दिसायला लागेल.

आता यंत्र. पानांचे फोटो परवानगी घेऊन, फ्लॅश न मारता, खिडकीच्या उजेडात काढ. टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर मराठी छापील मजकूर ओळखतं. आजचं पुस्तक ते बऱ्यापैकी वाचतं, जुनं पान मात्र त्याला जड जातं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत गोंधळ होतो. दोन रकान्यांतल्या ओळी एकमेकींत घुसतात. शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेला, मजकूर असेल तर आशा सोड आणि हाताने टाइप कर.

पान टाइप झालं की खरी गंमत सुरू होते. ‘अरुणोदय’च्या काळात ‘कांहीं’, ‘नांव’, ‘त्यांत’, ‘करितां’ असं लिहायचे. न उच्चारले जाणारे हे अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी गेले. यंत्राच्या लेखी ‘कांहीं’ आणि ‘काही’ हे दोन परके शब्द. मग सगळे अनुस्वार पुसून टाकायचे का? अजिबात नाही. पुसलेस तर संपादकाचं लेखन गेलं आणि तुझं राहिलं. दोन थर ठेव, एक जसं छापलं तसं आणि दुसरा शोधण्यासाठी आजच्या लेखनातला. मूळ रूप आणि नियमित रूप शेजारी शेजारी नोंदवायची रीत जगभर ठरलेली आहे. टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह, म्हणजे टीईआय, हा खटाटोप १९८७ पासून चालू आहे. त्याचे सगळे नियम तुला नकोत. एक्सेलमध्ये दोन रकाने केलेस तरी तत्त्व तेच.

शब्द मोजायचेच असतील तर व्हॉयंट म्हणून एक साधन ब्राउझरमध्येच चालतं, कोडिंग लागत नाही. पण मराठीत मोजणं इंग्रजीसारखं सरळ नाही. घर, घरात, घराला, घरातल्यांनी हे त्याला चार शब्द वाटतात. ‘आणि’, ‘होता’, ‘तो’ यांचा ढिगारा वर तरंगतो, ते वगळायची यादी आपली आपण करावी लागते. तुझ्या विषयाला मला विचारशील तर शब्दांची मोजणी दुय्यम आहे. प्रत्येक बातमीची एक ओळ कर: तारीख, गाव, विषय, किती ओळींची, कुठल्या पत्रातून उचललेली. तुझा प्रश्न यातच सुटेल. आणि ‘हे डिजिटल कुठे आहे’ असं तोंडी परीक्षेला कुणी विचारलं तर ती ओळी-रकान्यांची फाइल समोर उघडून ठेव.

आपण मोजणी शिकवता असं ऐकतो. मोजून कविता कळते का? ‘दूरवाचन’ वगैरे शब्द म्हणजे परदेशी टूम. आता तर एआयला सांगितलं की निबंध तयार. मग तुमच्या गटाने बसून करायचं काय उरलं?
– निवृत्त प्राध्यापक, नौपाडा

सर, टूम म्हणाल तर ती आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, ते संपलं १९६६ मध्ये. १,२५९ हस्तलिखितं जमवली. श्लोकागणिक पाठभेद, म्हणजे प्रतीप्रतींतले शब्दांचे फरक, आखलेल्या कागदांवर उतरवून घ्यायचे आणि मग विष्णु सीताराम सुखठणकरांसारखा माणूस त्यातून निवाडा करणार. पाठ जुळवण्याचं एक केंद्र शांतिनिकेतनातही होतं. पुढे जादवपूर विद्यापीठाने रवींद्रनाथांची हस्तलिखितं आणि छापील आवृत्त्या एकत्र आणून ‘बिचित्रा’ उभं केलं, २०१३ साली. तिथे एकाच कवितेच्या वेगवेगळ्या रूपांतले फरक संगणक दाखवतो. फरक का केला असेल ते मात्र वाचणाऱ्यानेच सांगायचं.

परदेशातला मूळपुरुष म्हणून ज्यांचं नाव घेतात ते रोबेर्तो बुसा हे इटलीतले जेझुइट पाद्री. मध्ययुगातले धर्मचिंतक थॉमस अक्वायनस यांच्या लॅटिन ग्रंथांची शब्दसूची करायची म्हणून ते १९४९ मध्ये आयबीएमच्या दारात गेले. १ कोटीहून अधिक शब्द पंच कार्डांवर चढले, छापील सूचीचे ५६ खंड झाले. ती कार्डं पंच करणाऱ्या तरुण मुली होत्या. त्यांची दखल फार उशिरा घेतली गेली, हे मी वर्गात मुद्दाम सांगते.

दूरवाचनाबद्दल, म्हणजे एकेक पुस्तक न वाचता पुष्कळ पुस्तकं संगणकाने एकदम मोजून बघण्याबद्दल, आपला संशय मला निम्मा मान्य आहे. फ्रँको मोरेत्ती यांनी २००० मध्ये तो शब्द पुढे आणला तो कुणीच न वाचलेल्या हजारो कादंबऱ्यांसाठी. बालकवींच्या एका कवितेला तो लावू नये. पण पन्नास वर्षांच्या मासिकांत विधवाविवाहावर कधी गदारोळ झाला आणि कधी सगळे गप्प बसले, हे एका माणसाच्या आठवणीवर सोडण्यापेक्षा मोजलेलं बरं.

एआयचं म्हणाल, तर जो कागद संगणकावर आलाच नाही तो त्याने वाचलेला नाही. जुन्या मराठी नियतकालिकांचा बराच भाग अजून कपाटात आहे. विचारलं तर ते ‘माहीत नाही’ न म्हणता गुळगुळीत भाषेत काहीतरी ठोकून देतं. आपल्यासारख्यांनी शनिवारी येऊन त्याची उलटतपासणी घेतली तर मुलांना फार उपयोग होईल. चहा मी देईन.

आमच्या महाविद्यालयात असा गट सुरू करायचाय. प्राचार्य म्हणतात, आधी वीस संगणकांच्या प्रयोगशाळेचा प्रस्ताव द्या. मराठी विभागात मी आणि एक सहकारी, दोघंच. गट जमेल कसा?
– सहायक प्राध्यापक, वाशी

प्रस्ताव जरूर द्या, पण त्याची वाट बघू नका. संगणक येतील तोवर तुमची उत्साही मुलं पास होऊन गेलेली असतील.

एक वार ठरवा, एक वेळ ठरवा आणि मजकूर एकच घ्या, तोही छोटा. महाविद्यालयाचं जुनं वार्षिक घ्या हवं तर. मराठीबाहेरची माणसं बोलवा: इतिहासवाले, ग्रंथपाल (यांना पहिल्या दिवसापासून, नंतर मदत मागायला नव्हे), संगणकशास्त्राची दोन मुलं आणि जमलं तर गावातलं कुणी ज्येष्ठ.

का ते सांगते. आमच्या गटातला एक मुलगा जुन्या प्रवासवर्णनांत ‘दऱ्या’ शोधत होता. पानावर दिसत होत्या त्यापेक्षा यंत्राला कितीतरी कमी सापडत होत्या. मुद्रितशोधनात आयुष्य घालवलेले एक काका दोन्ही ओळी भिंगाखाली धरून म्हणाले, “शब्द तोच आहे बाबा, काना-मात्रेचाही फरक नाही.” संगणकशास्त्राच्या एका मुलीने मग अक्षरांमागचे संकेतांक उघडले. आपल्या मराठीतला तो आडवा लटकणारा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिला जातो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), किंवा साधा र, हलन्त आणि पुढे एक डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. कुणी कुठला कीबोर्ड वापरला यावर ते ठरतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एकाला दुसरा सापडत नाही. शब्द तोच आहे ही खात्री काकांनी दिली नसती तर तिने संकेतांक उघडून बघितलेच नसते, आणि ती नसती तर काकांनी मुलाला ‘नीट शोध’ म्हणून परत पाठवलं असतं.

तेव्हापासून आमच्याकडे एक निर्णयवही आहे. साधी दोनशे पानी. ‘अर्धा र कुठल्या पद्धतीने ठेवायचा’, ‘वाचता न आलेलं अक्षर कसं दाखवायचं’, ‘गावाचं जुनं नाव मूळ ठेवायचं का’ असा प्रत्येक निर्णय तारखेसह त्यात जातो. मुलं बदलतात, वही राहते. तुमच्या प्राचार्यांना प्रस्तावासोबत हीच दाखवा.

बाहेरच्या जगाशी जोडून घ्यायला भारतात ‘धरती’ नावाने ओळखली जाणारी डिजिटल मानव्यविद्येची संघटना आहे. तिची सुरुवात २०१८ च्या सुमारास झाली. पण तिकडे जाण्याआधी तुमच्या मजकुराची निदान वीस पानं स्वच्छ करून ठेवा, म्हणजे दाखवायला काही असेल.

आणि श्रेयाचं आधीच ठरवा. टाइप करणाऱ्या मुलाचं नाव पहिल्याच पानावर यायला हवं. याच कारणावरून फुटलेले गट मी पाहिलेत.

मी शाळेत शिकवतो. आमच्या कोपरखैरणे गावठाणातल्या आज्या आगरी लग्नांतले धवले अजून म्हणतात. मुलांनी फोनवर बरंच रेकॉर्ड केलंय. ते सगळ्यांना ऐकायला ठेवावं असं वाटतं. काय काळजी घेऊ?
– शिक्षक, कोपरखैरणे

सर, आलेल्या पत्रांत मला सगळ्यात आवडलेलं हे. धवलारीण लग्नात नुसती गात नाही, लग्न लावतेही, त्यामुळे हे नुसतं गाण्यांचं काम राहत नाही.

तुमच्याआधी मराठीत झालेलं एक मोठं काम बघून घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, १ लाखाहून जास्त. पुढे बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रण आणि डेटाबेसची बाजू उचलली. आता त्या पारीवर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियावर, वाचायला-ऐकायला मिळतात. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव असतं. ‘लोकगीत, पारंपरिक’ असं लिहून बाईला गायब केलेलं नाही.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे आजीला विचारा, आणि नीट विचारा. नाव घालू का? फोटो चालेल का? लग्नाबाहेर हा धवला कुणीही, केव्हाही ऐकला तर चालेल का? काही धवले ठरावीक विधीलाच म्हणायचे असतात, ते उघड्यावर नको असं ती म्हणाली तर तो विषय संपला. तिचं ‘हो’सुद्धा आवाजातच रेकॉर्ड करून ठेवा, सहीपेक्षा ते तिला सोपं जातं. गाणाऱ्याचा सादरीकरणावरचा हक्क आपल्या कायद्यात ५० वर्षांचा आहे, पण कायदा नसता तरी विचारायलाच हवं होतं.

दुसरं, उतरवून घेताना ‘शुद्ध’ करू नका. आजी ‘पानी’ म्हणाली तर ‘पानी’, ‘कोली’ म्हणाली तर ‘कोली’, ‘घोरा’ म्हणाली तर ‘घोरा’. शाळेत लाल शाईची सवय असते, हे मी शिक्षिका म्हणूनच सांगते. प्रमाण मराठीतला अर्थ हवा तर खाली वेगळ्या ओळीत द्या. अडलेले शब्द मुलांनी आजीलाच विचारावेत. ते विचारणंही रेकॉर्ड करा, गाण्याइतकंच मोलाचं असतं.

तिसरी गोष्ट पटकन सुचत नाही. गाणारीचं सासर लिहिता तसं माहेरही लिहा. कोपरखैरण्यात म्हटला जाणारा धवला कदाचित घणसोलीहून किंवा खाडीपलीकडून नवरीबरोबर आलेला असेल. सासर-माहेरची गावं क्यूजीआयएससारख्या फुकट सॉफ्टवेअरवर नकाशात जोडली तर गाणी कुठल्या वाटेने फिरली ते मुलांना दिसेल. सिडको १९७० मध्ये आली आणि भातशेती, मिठागरं, खाजणं यांवर सेक्टर आखले गेले. गाण्यांतून आणि गप्पांतून बांधांची, शेतांच्या तुकड्यांची नावं निघाली तर तीही नकाशावर टिपा. सेक्टरच्या नकाशात ती कुठेच नाहीत.

फोनचं म्हणाल तर फ्लाइट मोडवर ठेवा, पंखा बंद करा, जमलं तर वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करा. मूळ फाइलला हात लावायचा नाही, काटछाट प्रतीवर करायची. फाइलचं नाव ‘आजी नवीन २ फायनल’ असं ठेवाल तर पुढच्या वर्षी रडाल. तारीख, गाव, क्रमांक एवढं पुरे. आणि मुलांच्या फोनवरचं सगळं या आठवड्यातच एका ठिकाणी उतरवून घ्या, कारण फोन बदलले जातात.

मुलगी बारावीला आहे. इंजिनीअरिंग नको, बी.ए. करून डिजिटल ह्युमॅनिटीज करीन म्हणते. यात नोकऱ्या आहेत का हो?
– एक आई, घोडबंदर रोड

ताई, या नावाची पाटी लावून वाट बघणाऱ्या नोकऱ्या आपल्याकडे थोड्या आहेत. ग्रंथालयं, अभिलेखागारं, वस्तुसंग्रहालयं, प्रकाशन आणि भारतीय भाषांवर काम करणाऱ्या संगणक कंपन्या इथे अशी माणसं लागतात, पण जाहिरातीत नाव वेगळंच असतं. शिकायचं तर जादवपूरला पदव्युत्तर पदविका आहे, जोधपूरच्या आयआयटीत एम.एस्सी. आहे. आधी तिला बी.ए. एखाद्या विषयात घट्ट करू द्या, सोबत संख्याशास्त्राचा एखादा पेपर. भाषा कच्ची आणि सॉफ्टवेअर पक्कं अशी मुलं इथे अडतात. ती मराठी वाचते का, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही.

आमच्या दिवाळी अंकाचे नव्वदच्या दशकापासूनचे अंक पेजमेकरमध्ये केलेले आहेत. सीडी आहेत. उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. फाइल्स खराब झाल्या का? सगळे अंक आता सर्वांसाठी खुले करायचेत.
– संपादक, ठाणे पूर्व

फाइल्स बहुधा ठणठणीत असतील, फॉन्ट हरवलाय. त्या काळचे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर पानं जुळवायचे, फॉन्ट, आयएसएमचे घ्या किंवा श्रीलिपीचे, इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांची चित्रं बसवून चालायचे. संगणकाच्या मते तुम्ही कधी मराठी लिहिलंच नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण छापखान्यांपर्यंत ते पोचायला फार वर्षं गेली.

त्या मजकुराचं युनिकोड करणारी रूपांतरकं मिळतात, पण प्रत्येक फॉन्टला वेगळं लागतं. म्हणून आधी फॉन्टचं नेमकं नाव शोधा. सीडीवर नसेल तर तेव्हाच्या डीटीपी ऑपरेटरला गाठा, त्याला पाठ असेल. रूपांतर झालं की दोन जागा आधी तपासा. ऱ्हस्व इकाराची वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी साठवली जायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं बरोबर उलटं, तेव्हा अक्षरानंतर यायचा, आता आधी साठवला जातो. रूपांतरक इथेच घसरतात आणि ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘निर्मिती’ यांची वाट लागते. ‘निर्मिती’त तर दोन्ही अडचणी आहेत, तोच शब्द चाचणीला घ्या. छापील अंक शेजारी ठेवूनच तपासा, पडद्यावर विश्वास नको.

खुले करण्याबद्दल जरा थांबा. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क त्याचा किंवा वारसांचा असतो. तुम्ही अंकात छापायची परवानगी घेतली होती, कायम खुलं ठेवायची नव्हे. नव्वदच्या दशकातले बहुतेक लेखक किंवा त्यांची मुलं ठाणे, डोंबिवली, पुणे इथेच भेटतील, एकेकाला पत्र टाका. चित्रकार आणि व्यंगचित्रकारांना विसरू नका, संपादक नेहमी विसरतात. तोवर सगळ्या अंकांच्या अनुक्रमणिका खुल्या करा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही आणि अभ्यासकांना पहिली गरज तिचीच असते. वरच्या कळव्याच्या मुलीसारखी एखादी तीच शोधत असेल.

जुन्या सीडी वारंवार लावून बघू नका, एकदाच लावून सगळं हार्डडिस्कवर उतरवा आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. मग एका वर्षाचा छापील अंक, त्याची फाइल आणि फॉन्टचं नाव घेऊन शनिवारी दुपारी या. काकांना मी भिंग आणायला सांगते.